आवृत्ती तीन

यौनीने गाव बांधलं तेव्हा तो सोळाचा होता.
म्हणजे गाव आधीपासून होतंच,
लोखंडाच्या खाणीच्या डोक्यावर, स्वीडनच्या पार वरच्या टोकाला;
त्याने ते पुन्हा बांधलं, चार मेगाबाइटमध्ये,
आमच्या गोळीबारासाठी.

खेळाबरोबर आलेले नकाशे आम्हाला पाठ झाले होते.
वाळवंट, गोदाम, बंदर:
कुठल्या खोक्यामागे कोण दबा धरून बसणार
हे झोपेतही सांगता आलं असतं.
म्हणून जादाचे नकाशे.
मोडेमवर रात्रभर उतरायचे, फोन अडकलेला,
एस्किलचा बाप खालून शिव्या घालायचा,
आणि सकाळी बघावं तर
कुणा पोर्तुगीज पोराचं स्वयंपाकघर,
आपण उंदराएवढे, फ्रिजवरून नेम धरायचा.

मग यौनी म्हणाला, आपली इमारत करतो.

शाळेचा कॅमेरा उसना घेऊन त्याने भिंतींचे फोटो काढले.
जिन्याचा हिरवा ऑइलपेंट,
तळघरातली कपडे धुण्याची खोली,
तिथला पाळ्या लावायचा लाकडी फळा,
घराघराच्या नावाचं एकेक चिमुकलं कुलूप.
मंगळवार, सहा ते आठ: लांटो.
ती त्याची आई.

आकाश तेवढं त्याला जमलं नाही.
खेळात एकच आकाश फुकट होतं, वाळवंटाचं,
तेच ताणून बसवलं.
बाहेर डिसेंबर, सूर्य आठवडाभर उगवलेला नाही,
आणि पडद्यावर आमच्याच अंगणात
टळटळीत दुपार, बर्फाचा कण नाही.
आम्ही अंगणात मरायचो
आणि पडल्या पडल्या ऊन खायचो.

मी एकटीच मुलगी. जिन्याखाली सायकलींमागे बसायचे.
नऊदा एस्किलला तिथूनच उडवला,
दहाव्यांदा तो माझ्याआधी येऊन बसला होता.

तिसऱ्या मजल्यावर यौनीच्या घराचं दार.
ते नुसतं चित्र.
गोळ्यांनी भोकं पडायची, उघडायचं मात्र नाही.

आता मी खाण कंपनीत असते. जमीन किती खचली ते मोजते.
कुंपण दर दोन-तीन वर्षांनी पुढे सरकतं;
इमारत कुंपणाच्या आत गेली,
मग खिडक्या काढल्या,
मग एका मे महिन्यात पिवळं यंत्र आलं
आणि दुपारच्या कॉफीपर्यंत सगळं उरकलं.
माझ्या नकाशावर तिथे आता आकडे आहेत,
बहुतेक उणे.

परवा जुन्या डिस्कवर ती फाइल सापडली.
कुरकुर न करता सुरू झाली.
खेळाडू: सोळापैकी एक.

बंदूक ठेवून सुरी घेतली.
सुरी हातात असली की पाय जलद पडतात,
हे मला नाही, बोटांना आठवलं.
फळ्यावरचं नाव नुसते चार करडे ठिपके,
पण मला वाचता आलं, कारण मला ठाऊक होतं.
मग ती जुनी आज्ञा टाइप केली, भिंतीतून जायची,
आणि त्या दारातून आत शिरले.

आत काही नव्हतं.
मागे वळले.
या खेळात भिंतींना मागची बाजू नसते,
तर अख्खी इमारत एकदम आरपार दिसली:
जिना, सायकली, कुलपं, अंगणातलं ते लबाड ऊन,
संत्र्याची साल काढून ठेवावी तशी.

यौनीला फोन केला. तो शेलेफ्तेओला असतो, हीट पंप बसवतो.
कुठला नकाशा? म्हणाला.
बराच वेळ नुसता त्याच्या गाडीचा वायपर.
मग: ते दार होय.
मशीन रात्रभर हिशेब करत बसायचं गं,
आणि आई सकाळी प्लग काढायची, व्हॅक्यूम लावायला.
राहूनच गेलं ते.

सर्व्हर मी बंद केलेला नाही.
महिन्याचं बिल दोन कॉफींएवढं.
काल रात्री अकराला पाटीवर दोन दिसले.
टोपणनाव ओळखीचं नव्हतं, विचारलंही नाही.
जिना उतरून अंगणात आले
आणि सायकलींमागून कुणीतरी
एकाच गोळीत मला आडवं केलं.

नियमाप्रमाणे पुन्हा उठायला वीस सेकंद लागतात.
मी पडून राहिले.
ऊन चांगलं होतं.